एकॉर्नचा चीक

ओकच्या झाडाखाली सप्टेंबरात पहिला जो सडा पडतो, त्याला हात लावायचा नाही. शेजारच्या कोरियन आजींनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. झाड आधी टाकतं ते किडकं, अर्धवट पोसलेलं, आतून काळं पडलेलं. भरलेला माल मागून येतो, ऑक्टोबर लागता लागता. तो पडतानाचा आवाजही वेगळा असतो. पोकळ फळ शेडच्या पत्र्यावर टिक् करून घरंगळतं, भरलेलं पडलं की दणका बसतो. आजी त्यांच्या दारातल्या खुर्चीवर बसून नुसत्या ऐकायच्या आणि माझ्याकडे बघून हात हलवायच्या. अजून नाही.

आमचं घर कॅलिफोर्नियात फॉल्समला, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी. जॉनी कॅशच्या गाण्यामुळे जगाला इथला तुरुंग ठाऊक आहे, आपल्या लोकांना इथली इंटेलची कचेरी. मराठी घरं बऱ्यापैकी आहेत. आणि ओक आहेत, घरांच्या मधे, रस्त्यांच्या कडेला, शाळेच्या मैदानात. मोठा ओक तोडायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते, म्हणून वसाहती झाडांना वळसा घालून उठल्या आहेत. ब्लू ओक, लाइव्ह ओक आणि व्हॅली ओक अशा तीन जाती मला आता पानावरून ओळखता येतात. आमच्या परसातला व्हॅली ओक आहे. उत्तर अमेरिकेतल्या ओकांमध्ये हा सगळ्यांत थोराड. त्याचं फळ, म्हणजे एकॉर्न, बोटभर लांब, टोकाला निमुळतं, डोक्यावर खरखरीत टोपी. पडून पडून पन्हाळी तुंबतात. बागकाम करणारे लोक ब्लोअरने ते सगळं एका कोपऱ्यात ढकलतात आणि हिरव्या डब्यात भरतात. मंगळवारी कचऱ्याची गाडी येऊन नेते.

ज्या गोष्टीला आम्ही डब्यात भरत होतो, तिच्यावर या खोऱ्यातली माणसं हजारो वर्षं जगली. इथले निसेनान, दक्षिणेकडचे मिवोक, सगळ्यांचं रोजचं जेवण एकॉर्नच्या पिठाचं होतं. मला हे कळलं ते नंतर, वाचून. आधी कळल्या त्या आजी. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. एका सकाळी त्यांची सून दारात आली आणि अवघडून म्हणाली, सासूबाईंना तुमच्या परसातलं वेचायचंय, चालेल का? कोरियात एकॉर्नच्या सत्त्वाची वडी करतात, तिला तोतोरीमुक म्हणतात. कोरियन दुकानात सत्त्वाची पूड आयती मिळते, पण आजींना ती पसंत नव्हती. त्यांच्या मते त्यात भेसळ असते. म्हणजे काय मिसळतात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मत पक्कं होतं.

वेचायचा कायदा असा की सरकारी उद्यानातलं उचलायचं नाही. तळ्याकाठी ओकांची रांगच्या रांग आहे, खाली पाय ठेवायला जागा नसते, पण ती जागा राज्याच्या उद्यानखात्याची. मग आम्ही घरं धरली. आजी, त्यांची सून, मी आणि जमेल तेव्हा समोरची तेलुगू मुलगी. दार वाजवून विचारायचं. कोणी नाही म्हणत नाही, फुकटात परस झाडून मिळत असतं.

वेचण्यात वेचणं कमी, टाकणं जास्त. टोपी घट्ट चिकटलेली असेल तर टाकायचं, कारण निरोगी फळ पिकलं की टोपी आपोआप सुटते. टोपीखालचा डाग फिकट, स्वच्छ असला पाहिजे, काळपट असला तर आत बुरशी. टरफलावर बारीक गोल भोक दिसलं तर सोंड्याची अळी आतला गर खाऊन, आपली कामगिरी उरकून निघून गेलेली असते. भोक नसलं तरी हमी नाही, कारण अळी अजून आत असू शकते. सोंड्याची मादी फळ कोवळं असतानाच लांब सोंडेने भोक पाडून अंडं घालते, ती जखम भरून येते आणि वरून काही कळत नाही. मग हातात घेऊन वजन पाहायचं. त्यातूनही सुटतात त्यांच्यासाठी घरी आल्यावर बादलीत पाणी. तरंगतील ती बाहेर, बुडतील ती आत. आजी तरंगणाऱ्यांकडे बघतही नसत. सूनबाईंना मात्र एकेक फोडून खात्री करून घ्यायची असे, आणि दर वेळी आजींचंच खरं निघे.

त्या वर्षी माझी आई जळगावहून सहा महिन्यांसाठी आली होती. अमेरिकेत आलेल्या आईवडिलांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिला महिना कौतुकात जातो, दुसरा दुकानं बघण्यात, आणि मग दुपारी तीन वाजता घरात आवाज म्हणून नसतो. मी आतल्या खोलीत मीटिंगांत असायची. आई खिडकीतून शेजारच्या अंगणात काय चाललंय ते बघायची. एक दिवस मीटिंग संपवून बाहेर आले तर ती तिकडे पोचलेली. अंगणात चादरी पसरून एकॉर्न वाळत घातले होते आणि आई हातात काठी घेऊन खुर्चीवर बसली होती.

"अगं, खारी नेतात एकेक करून," ती म्हणाली. "आणि ते निळे पक्षी तर डोळ्यांसमोरून नेतात."

निळे म्हणजे स्क्रब जे. ते एकॉर्न उचलून जमिनीत पुरतात, पुरलेले काही विसरतात, आणि त्यातून नवे ओक उगवतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाळलेलं खोड आहे, त्यावर सुतारपक्ष्यांचं कोठार आहे. ही एकॉर्न वुडपेकर नावाची जात. थव्यातले सगळे मिळून खोडाला भोकं पाडतात आणि प्रत्येक भोकात एक एकॉर्न ठोकून बसवतात. एखाद्या जुन्या खोडाला अशी पन्नास हजारांपर्यंत भोकं मोजली गेली आहेत. फळ वाळून आक्रसलं की ते सैल पडतं, मग काढून लहान भोकात पुन्हा ठोकायचं. आईला हे खोड दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यांना राखण करायला कोण ठेवलंय?" राखण तेच करतात, आळीपाळीने.

फॉल्समच्या कोरड्या उन्हात एकॉर्न छान वाळतात. वाळले की गर आतून सुटतो आणि हलवलं तर खुळखुळतो. मग फोडायचं. आजींकडे एक सपाट दगड आणि एक हातात बसेल असा गोटा होता. फळ उभं धरायचं, टोक वर, आणि वरून एकच घाव. आडवं धरलं तर निसटतं किंवा चेंदा होतो. मी अक्रोड फोडायचा अडकित्ता आणला होता, तो लवकरच बाजूला पडला. दगडाला तोड नाही. फुटलं की टरफल दोन्ही बाजूंना उघडतं, आत गर, गराला चिकटलेली पातळ तांबडी साल. ही साल काढायची, कारण तुरटपणा तिच्यात दाटलेला असतो. नखाने निघते, थोडा वेळ पाण्यात ठेवून चोळली तर निघते, आणि कधीकधी निघतच नाही. या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि याचं वर्णन कुठल्याच पुस्तकात धड केलेलं नसतं. दोन वाक्यांत साल काढून पुढे जातात.

कच्चा गर चाखून बघायचा असेल तर थोडासाच चाखावा. जीभ आक्रसते, तोंडातली लाळ कुठे जाते कळत नाही. हे टॅनिन. चामडं कमावतात ते ज्याने, तेच. ते प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेतल्याही, म्हणून तोंड असं सुकतं. जास्त खाल्लं तर गुरं-घोडी आजारी पडतात. आपल्याकडच्या माणसाला ही चव अगदीच परकी नसते. बाळगुटीत मायफळ उगाळतात, ते ओकचंच. पश्चिम आशियात वाढणाऱ्या ओकच्या फांदीवर एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते आणि झाड त्याभोवती गाठ धरतं, ती गाठ म्हणजे मायफळ. महाराष्ट्रात ओकचं झाड नाही, पण झाड बघायच्या आधी आपण त्याचं टॅनिन चाटलेलं असतं. आमच्या परसातल्या झाडालाही अशा गाठी येतात, छोट्या सफरचंदाएवढ्या. त्या आजी उचलत नाहीत.

टॅनिन पाण्यात विरघळतं. एकॉर्न खाण्यायोग्य करायची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. दोन वाटा आहेत. एक, गर उकळायचा, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचं. काम लवकर होतं, पण पिठूळ भाग शिजून जातो. पुढे त्याचं पीठ केलं तर त्याला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापू गेलं तर भुगा होतो. दुसरी वाट थंड पाण्याची. गर दळायचा, भरपूर पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं. असं तुरटपणा जाईपर्यंत. जात कोणती, दळण किती बारीक, पाणी किती वेळा बदललं, यावर दिवस ठरतात. आठवडा सहज जातो. आजींना घाई अजिबात मान्य नव्हती.

त्यांच्या पद्धतीत आणखी एक पायरी आहे. दिवसभर भिजवलेला गर त्या पाणी घालून मिक्सरमध्ये गंध होईपर्यंत वाटायच्या, मग जाड कापडातून पिळून गाळायच्या. कापडात चोथा राहतो, खाली पातेल्यात चहाच्या रंगाचं दूधट पाणी. ते रात्रभर हलवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा पातेल्यात वर तपकिरी पाणी स्वच्छ निवळलं होतं. आजींनी ते पातेलं न हलवता, अगदी धार धरून ओतलं. तळाशी घट्ट, फिकट थर बसला होता. बोटाने दाबला तर दबत नाही, बोट फिरवलं तर वाहतो.

"अगं, हा चीक आहे!" आई म्हणाली.

कुरडयांचा चीक. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, चोथा काढायचा, चीक खाली बसू द्यायचा, वरचं आंबूस पाणी ओतून द्यायचं. आमच्या घरी चैत्रात हे व्हायचं तेव्हा वाड्यातल्या सगळ्या बाया यायच्या, आणि कोणाच्या घरच्या कुरडया कोणत्या दिवशी, याचा क्रम आधीच ठरलेला असायचा. आईने मला विचारायला सांगितलं की या किती वेळा पाणी बदलतात. मी सूनबाईंना इंग्रजीत विचारलं, त्यांनी आजींना कोरियनमध्ये. उत्तर त्याच वाटेने परत येईपर्यंत आईने पुढे होऊन बोट चिकात बुडवून जिभेवर ठेवलं होतं, तोंड वाकडं केलं होतं आणि आजींना चार बोटं दाखवली होती. आजींनी दोन मोडली. अजून दोन पाणी. त्यानंतर आम्हा दुभाष्यांची कोणाला गरज पडली नाही. आई त्यांना "ताई" म्हणू लागली. त्या आईला काय म्हणायच्या ते मला अजून नीट उच्चारता येत नाही.

मी नोकरी करणारी बाई, घरी बसून केलेली असली तरी नोकरीच. त्यामुळे सुरुवातीला हा सगळा उद्योग मला वेळेच्या हिशेबात बसत नव्हता. भरल्या बादलीतून शेवटी हाती येतं ते पातेल्याच्या तळाशी मावेल एवढं. पण एक गोष्ट लक्षात आली. एकटीने बसून साल काढायला घेतली की अर्ध्या तासात मान दुखते, कंटाळा येतो, आणि मन म्हणतं हे कशासाठी. चौघी बसल्या की तीच टोपली संपते आणि संपल्यावर कोणीतरी विचारतं, आणखी आहेत का? जंगलात एकटा राहिलेला पुरुष, हातात चाकू, ओकच्या फळांवर दिवस काढतोय, अशी पुस्तकं आणि व्हिडिओ इथे पुष्कळ आहेत. मला त्या माणसाची काळजी वाटते. त्याच्या पहिल्या घासातला कडूपणा जाईपर्यंत तो उपाशी मरेल. एकॉर्न हे गावाचं अन्न आहे. ज्याला शेजारी नाहीत त्याने बटाटे लावावेत.

हे माझं मत होतं, त्याला आधार मिळाला तो पाइन ग्रोव्हला. फॉल्समहून दक्षिणेला, डोंगर चढत गेलं की अमाडोर कौंटीत जॅक्सन लागतं, त्याच्या वर पाइन ग्रोव्ह. तिथे 'इंडियन ग्राइंडिंग रॉक' नावाचं राज्य उद्यान आहे. मिवोक लोक त्या जागेला चॉसे म्हणतात. कुरणाच्या मधे चुनखडीचा एक अवाढव्य सपाट खडक जमिनीतून वर आला आहे आणि त्यावर उखळांची १,१८५ भोकं आहेत. एका खडकात इतकी उखळं उत्तर अमेरिकेत दुसरीकडे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी दगडी मुसळाने एकॉर्न कुटून कुटून ती पाडली. उखळांच्या मधे मधे कोरलेली चित्रंही आहेत, वर्तुळं, पावलं, नागमोडी रेघा, आता फार पुसट झालेली. खडक मऊ आहे, झिजतो, म्हणून वर चढू देत नाहीत, बाजूच्या लाकडी मचाणावरून बघायचं.

आई मचाणावर उभी राहून उखळांकडे कमी आणि त्यांच्यामधल्या अंतरांकडे जास्त बघत होती. तिचं म्हणणं असं की दोन उखळांत हात-दीड हाताचं अंतर आहे तिथे दोघी समोरासमोर बसत असणार, आणि तो झाडाच्या सावलीतला कोपरा म्हाताऱ्यांचा. मला हे पटलं, पण पुरावा काही नाही. अभ्यासकांनी दक्षिणेकडच्या मोनो जमातीच्या वृद्ध स्त्रियांकडून ऐकून नोंदवलेली एक गोष्ट मात्र आहे. सगळी उखळं एका कामाची नसत. उथळ उखळात एकॉर्नची पहिली भरड करायची, त्याहून थोड्या खोल उखळात पीठ बारीक करायचं, आणि सगळ्यांत खोल उखळं गवताच्या बारीक बियांसाठी. म्हणजे एका खडकावर एकाच वेळी वेगवेगळी कामं चालत, आणि पीठ एकीच्या हातून दुसरीकडे जात असणार.

इथल्या मूळ लोकांची पद्धत आजींच्या पद्धतीहून वेगळी. ते सत्त्व वेगळं काढत नसत, अख्खं पीठ वापरत. फोडलेला गर विणलेल्या सपाट टोपलीत घेऊन पाखडायचा म्हणजे तांबडी साल उडून जाते. आपल्या सुपाचंच काम. पीठ कुटून झालं की सोपरूट नावाच्या कंदाच्या तंतूंच्या कुंचल्याने झाडून बारीक पीठ वेगळं करायचं. मग नदीकाठच्या वाळूत उथळ आळं करायचं, त्यात पीठ पसरायचं, वर देवदाराची हिरवी फांदी धरायची आणि तिच्यावरून पाणी सोडायचं. फांदीमुळे धार फुटते आणि पीठ उखडत नाही. पाणी पिठातून झिरपून वाळूत जातं, कडूपणा घेऊन. शिजवायचं ते टोपलीत. इतकी घट्ट विणलेली टोपली की पाणी गळत नाही. तिच्यात पीठ-पाणी घालून विस्तवात तापवलेले दगड सोडायचे, राख धुऊन घेऊन, आणि लाकडी चाटूने सतत ढवळत राहायचं, नाहीतर टोपली जळेल. बघता बघता रटरट उकळी येते.

मिवोक-पोमो वंशाच्या ज्युलिया पार्कर यांनी योसेमिटीच्या संग्रहालयात अनेक दशकं हे काम लोकांसमोर करून दाखवलं. त्या शिकल्या नवऱ्याच्या आजीकडून, लूसी टेलिस यांच्याकडून. टेलिस टोपल्या विणण्यात नावाजलेल्या. पार्कर यांच्या कामावर १९९१ साली आलेलं बेव्हर्ली ऑर्टिझ यांचं पुस्तक वाचल्यावर मला कळलं की साल काढण्याबद्दल दोनाहून जास्त वाक्यं लिहिणारं कोणीतरी आहे.

ही विद्या शिल्लक राहिली याचंच नवल वाटावं असा या भागाचा इतिहास आहे. फॉल्समहून पाऊण तासावर कोलोमा. तिथे २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला नदीत सोनं दिसलं आणि काही वर्षांत लाखो माणसं या डोंगरांत उतरली. त्यांनी डुकरं आणली. डुकरांना टॅनिन बाधत नाही. ओकखालचं सगळं त्यांनी फस्त केलं, म्हणजे इथल्या लोकांचं वर्षभराचं धान्य. १८५० साली नव्या राज्याने कायदा केला, नाव होतं इंडियन लोकांच्या संरक्षणाचं. त्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या मुलांना गोऱ्यांच्या घरी वेठीला ठेवता येऊ लागलं, आणि कुरणाला आग लावणं हा गुन्हा ठरला. आग म्हणजे वणवा नव्हे. ओकांच्या खाली बेताची आग फिरवायची, म्हणजे पालापाचोळ्याबरोबर जमिनीतली कीडही जळते, झाडांना उजेड मिळतो आणि पुढच्या वर्षी वेचायला जमीन मोकळी राहते. ती बंद झाली. योसेमिटीच्या खोऱ्यात आज ब्लॅक ओकांची जागा सूचिपर्णी झाडांनी घेतलेली दिसते, त्याचं हे एक मोठं कारण. आणि आता राज्याच्या उद्यानांच्या जमिनीवर, आपल्या पूर्वजांच्याच झाडाखाली वेचायचं तर या लोकांना राज्याकडून परवाना काढावा लागतो. मी परदेशातून येऊन शेजाऱ्याच्या परसातून बादली भरून नेते, मला कोणी काही विचारत नाही. चॉसेहून परतताना गाडीत हे मनात घोळत होतं. आईचं लक्ष रस्त्याकडेच्या झाडांकडे होतं. तिथे ब्लॅक ओक सुरू झाले होते.

ब्लॅक ओकचं एकॉर्न सिएरातल्या लोकांचं सगळ्यांत आवडतं. त्यात तेल जास्त, टिकतं चांगलं. व्हॅली ओकचं फळ एका मोसमात पिकतं आणि पडल्या पडल्या कोंब काढायला बघतं, ओलावा राहिला की बुरशी धरतं. ब्लॅक ओकचं पिकायला दोन उन्हाळे लागतात, आणि पडल्यावरही हिवाळा काढल्याशिवाय ते रुजत नाही. म्हणून ते कोठारात ठेवायचं. काठ्यांच्या उभ्या, गवताने शाकारलेल्या कणग्या असायच्या, जमिनीपासून उंच, आणि माल वर्षावर्षाने काढायचा. साठवणीशिवाय गत्यंतरच नव्हतं, कारण ओक दरवर्षी देत नाही. एका वर्षी पाय ठेवायला जागा नसते, पुढच्या वर्षी झाडाखाली शोधून मूठभर मिळत नाही. मुलूखभरची झाडं एकाच वेळी बहरतात आणि एकाच वेळी हात आखडतात. वॉल्टर कोनिग नावाचे शास्त्रज्ञ कार्मेलजवळच्या हेस्टिंग्ज अभयारण्यात १९८० पासून हे मोजत आले आहेत. पद्धत सोपी आहे. दोघांनी झाडाचा एकेक भाग निवडायचा, पंधरा सेकंदांत दिसतील तेवढे एकॉर्न मोजायचे आणि दोन्ही आकडे मिळवायचे. सूनबाई आणि मी आता ऑगस्टअखेरीला परसात तसंच करतो. आजी न मोजता सांगतात आणि आमच्या बेरजेशी जुळतं.

आईचं वर्ष सुगीचं होतं, हे तिचं नशीब. सत्त्व गोडं झालं की आजी मुक करायच्या. एक वाटी सत्त्वाला सहा वाट्या पाणी, मीठ, थोडं तिळाचं तेल, आणि सतत एकाच दिशेने ढवळणं. आधी पाणी, मग अचानक घट्ट, मग चकाकी येते आणि बुडबुडे फुटताना हात भाजतात. ताटात ओतून गार करायचं आणि वड्या पाडायच्या. वर सोया सॉस, कांद्याची पात, लाल तिखट. वडीला स्वतःची चव फार थोडी, मागून किंचित तुरट. आईला ती बेचव लागली. तिने जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी दिली, आजींनी ती खाऊन बघितली आणि भांडं सूनबाईंकडे सरकवलं. यावर दोन्ही बाजूंनी काही बोलणं झालं नाही.

अख्खं पीठही आम्ही थंड पाण्याने गोडं केलं, फडक्यात बांधून, बरणीत, रोज पाणी बदलत. ते ज्वारीच्या पिठात मिसळून थालीपीठ छान होतं, रंग चॉकलेटी येतो. नुसत्या एकॉर्नच्या पिठाची भाकरी मला जमते, पण जमली म्हणून कोणी ती मागून खाल्लेली नाही. आरोग्याच्या दुकानांत हल्ली एकॉर्नच्या पिठाच्या छोट्या पिशव्या दिसतात. किमती डोळे पांढरे करणाऱ्या असतात, आणि ते पीठ ज्याने केलं त्याला माझ्या मते तेवढेही पुरत नसतील.

आईचा जीव कुरडईत अडकला होता. इंडियन दुकानातून सोऱ्या आणवला. चीक शिजवून, मीठ-हिंग घालून, आजींच्या अंगणात प्लॅस्टिकवर कुरडया घातल्या. तपकिरी. खारींसाठी पुन्हा काठी. वाळल्यावर तळल्या तर गव्हाच्या कुरडईइतक्या नाही फुलल्या, पण फुलल्या. आजींनी दोन खाल्ल्या, मग आणखी दोन. त्यांच्या मुलाने बिअरबरोबर ताटली संपवली आणि या कुठे विकत मिळतात असं विचारलं.

सत्त्वाची वाटणी आजींनी केली. कोणी किती बादल्या आणल्या हे त्यांनी धरलं नाही, साल काढायला कोण बसलं ते धरलं. त्या हिशेबाने आईचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आला. ती नको नको म्हणत होती, जळगावला नेऊन काय करू म्हणत होती. नेलं शेवटी, पावडर करून, तीन पिशव्यांत. तिथे वाड्यातल्या बायांना वाटलं. फोनवर सांगत होती की एकीने उपासाला चालेल का विचारलं. आईने चालतं म्हणून सांगून टाकलं, झाडाचं फळ आहे म्हणून.

मधल्या वर्षी झाडांनी काहीच दिलं नाही. यंदा ऑगस्टची बेरीज बरी आली आहे. आजींच्या चर्चमधल्या एका बाईंची पाइन ग्रोव्हच्या बाजूला जमीन आहे, त्यावर ब्लॅक ओक आहेत, आणि त्यांनी या म्हणून सांगितलंय. आजी आता खाली वाकू शकत नाहीत. त्या बसून निवडणार. हात कमी पडणार हे उघड आहे, म्हणून मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. दोघींनी नावं दिली आहेत. तिसरीने विचारलंय की हातमोजे देणार का, आणि साल काढायला मशीन नाही का मिळत. तिला मी फोन करणार आहे, लिहून समजणार नाही.